सिलॅबस मधेच बदलला, आणि तुम्ही म्हणताय गणपती झाले की बघू

देवगडच्या ताई, तुमच्यासारख्या तक्रारी या वर्षी रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत बऱ्याच जणांकडून आल्या. ऑनलाइन वेब डिझाइनचा कोर्स, 68 हजार फी, जाहिरातीत जावास्क्रिप्ट, रिॲक्ट, पीएचपी आणि लाइव्ह क्लास, आणि अर्ध्यावर ते सगळं काढून वर्डप्रेसचे, म्हणजे कोड न लिहिता तयार साच्यांतून वेबसाइट बनवायच्या साधनाचे, रेकॉर्डेड व्हिडिओ. फसवणूक कशी झाली यावर तुम्ही दोन पानं लिहिलीत, मी त्यात शिरत नाही. माझी नजर एकाच ओळीवर अडकली, सिलॅबस बदलल्याचा मेल 21 ऑगस्ट 2024 ला आला.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. म्हणजे 21 ऑगस्ट 2026. आता जुलै संपत आला आणि तुम्ही म्हणता गणपती झाले की निवांत बघते. अहो, यंदा गणपती सप्टेंबरात आहेत! संस्थेला नोटीस पाठवलीय ना, मग मुदत थांबली असेल, असंही तुम्ही लिहिलंय. नाही थांबत. संस्थेच्या "आम्ही बघतोय" वाल्या मेलनेही नाही. उशीर माफ करायची तरतूद आहे पण त्याला सबळ कारण लागतं, पावसात लाइट जाते, नेट नसतं हे आठवड्याभराला चालेल, दोन वर्षांना कोण ऐकेल? कोर्स जानेवारीत संपला तेव्हापासून मोजा असा युक्तिवाद होऊ शकतो, कदाचित मान्यही होईल, पण हातात वेळ असताना त्यावर कशाला विसंबायचं.

"सिलॅबस कधीही बदलण्याचा अधिकार संस्थेकडे राहील" या अटीवर तुम्ही न वाचता टिक केलंत, याचं मला खरंच वाईट वाटतं, 68 हजार भरताना पाच मिनिटं वाचायला हवं होतं. तरी त्याने सगळं संपत नाही. नवीन व्हर्जन आलं म्हणून धडा बदलणं वेगळं आणि ज्या विषयासाठी पैसे घेतले तोच काढून टाकणं वेगळं, हे सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मांडा. "अनुचित करार", म्हणजे कराराच्या अटीच अन्यायकारक आहेत, म्हणून मांडू नका, ते प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं.

वाद फक्त बंगळुरूच्या कोर्टात, या संस्थेच्या अटीला घाबरू नका. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे सिंधुदुर्गाच्या मुख्यालयी ओरोसला, तक्रार करता येते, भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत असं कोर्सवाले म्हणतील. राष्ट्रीय आयोगाने 2020 मध्ये कॉलेज-विद्यापीठांबाबत तसं म्हटलंय, पण कोचिंगवाल्यांना ती सूट दिली नव्हती, तुमचा कोर्स त्या बाजूला बसेल असं मला वाटतं, खात्री देत नाही. पूर्ण फी परत मिळेल असंही धरू नका, अर्धा कोर्स तुम्ही शिकलात. आणि निकाल? कायद्यात तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात वर्षं जातात, गरजू माणसाला असं ताटकळत ठेवणं मला अजिबात पटत नाही.

आज रात्रीच जुनं ब्रोशर, पेमेंटची पावती, तो मेल आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं तारखेसकट सेव्ह करा, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे डिजिटल पुराव्याबद्दलचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल. रागाने फीसाठी घेतलेल्या कर्जाचा ईएमआय बंद करू नका, ते कर्ज फायनान्स कंपनीचं आहे, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, तुमचं खराब होईल.