एकच कादंबरी, पुन्हा पुन्हा

"मॅडम, दादा गेल्यापासून ती एकच पुस्तक घेऊन बसते. त्यातही मरणच आहे. काढून घेऊ का?"

ज्या घरानं एक मूल गमावलं, त्या घरातून दुसऱ्या मुलाबद्दल हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वारंवार येतो. कधी पुस्तक असतं, कधी मालिका. भीती तीच. इथे एका मुलीची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती १६ वर्षांची. मोठा भाऊ अपघातात गेला, त्याला आठ महिने झालेले. कादंबरी किशोरांसाठीची: दोन भावंडं, त्यातलं एक जातं, मागे राहिलेली बहीण पुढे कुणाच्या तरी प्रेमात पडते. आई म्हणाली, "आमच्यासमोर एकदाही रडली नाही. उलट मलाच विचारते, जेवलीस का."

हा शहाणपणा मला रडण्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. भेटायला येणारे सांत्वन आईवडिलांचं करतात आणि भावंडाला बजावतात, 'आता तूच त्यांना सांभाळ.' मूल ते मनावर घेतं. मग स्वतःचं रडू काढायचं कुठे? कादंबरीतल्या मुलीसाठी रडलं, तर निदान आईला त्रास होत नाही.

म्हणून पुस्तक काढायचं नाही. आईवडिलांनीही ते वाचायचं, पण वेगळी प्रत घेऊन. तिच्या प्रतीत तिच्या खुणा असतात. मग बोलायचं ते पात्रांबद्दल. समोर बसवून नव्हे, चालताना किंवा भांडी आवरताना, दहा-पंधरा मिनिटं. 'तुला कसं वाटतंय?' याला 'ठीक' एवढंच उत्तर मिळतं. 'त्या मुलीनं भावाची खोली तशीच का ठेवली असेल?' असं विचारा. उत्तर आलं की लगेच 'म्हणजे तुझंही तसंच ना?' असं जोडू नका. बहुतेक घरांत बोलणं नेमकं तिथेच तुटतं.

या मुलीशी बरीच सत्रं अशीच पात्रांवर बोलण्यात गेली. एकदा विचारलं, "शेवट आवडला?"

"शेवटपर्यंत वाचलंच नाही कधी."

"भाऊ जातो तिथे थांबतेस?"

"नाही, ते वाचते. ती त्या मुलाबरोबर हसते ना, तिथे बंद करते. इतक्या लवकर कशी हसते ती?"

"किती थांबायला हवं होतं तिनं?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादाला माहीतच नाही तो मुलगा कोण आहे."

हा मुलगा कादंबरीतला नव्हता. घरचे सगळे मरणाच्या प्रकरणाला घाबरत होते आणि मुलगी अडली होती प्रेमाच्या प्रकरणात. भावंड म्हणजे आपल्या लहानपणाचा साक्षीदार. तो गेल्यावर आयुष्यात येणारं प्रत्येक नवं माणूस त्याला न पाहिलेलं असतं, आणि त्या माणसाबरोबर हसणं ही फितुरी वाटते.

मी सुचवलं, दादाची ओळख तूच करून दे. त्या मित्राला दादाच्या दोन गोष्टी सांग. त्यातली एक भांडणाची हवी. गेलेल्या मुलाला घर लवकरच देव करून टाकतं आणि खरा, रिमोटसाठी हात पिरगाळणारा भाऊ बहिणीच्या हातून दुसऱ्यांदा निसटतो. तिनं सांगितल्या. त्यानंतर पुस्तक पूर्ण झालं; शेवट तिला फारसा आवडला नाही.

दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) मी कुणाला चढायला लावत नाही. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नव्हे. मला शोकाचा अभ्यास करणाऱ्या स्ट्रोब आणि शूट यांचं १९९९चं म्हणणं पटतं: माणूस दुःखाकडे आणि रोजच्या जगण्याकडे आळीपाळीनं जात-येत राहतो. सकाळी हसलेली मुलगी रात्री रडली तर बिघडलं काहीच नाही.

पुस्तक तुम्ही निवडणार असाल तर पहिल्या काही आठवड्यांत देऊ नका. मृत्यूचा प्रकार हुबेहूब घरातलाच नको. आत्महत्येच्या बाबतीत तर हे काटेकोरपणे पाळा. प्रेम मिळताच दुःख संपतं असं दाखवणारी कादंबरीही टाळा. ती वाचून मुलांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

काळजी करायची की नाही, हे पुस्तकावरून नव्हे, दिवसावरून ठरवा: झोप, जेवण, अभ्यास, मैत्रिणी. हे सगळं विस्कटलेलं असेल आणि सहा महिने उलटूनही दुःखाची धार तसूभरही कमी झाली नसेल, तर तज्ज्ञांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणातही लांबलेल्या शोकासाठी किमान सहा महिन्यांचीच मर्यादा आहे. मरणाची भाषा किंवा स्वतःला इजा दिसली, तर मात्र त्याच दिवशी.

आईचा शेवटचा प्रश्न त्या मुलाबद्दल होता. "दादा असता तर त्याला हे चाललं नसतं, असं मी तिला म्हणाले." हे वाक्य मी घरात पूर्ण बंद करायला सांगितलं. गेलेल्या भावाला पहारेकरी नेमू नका. कुठे जातेस ते सांगून जायचं, ठरलेल्या वेळी परत यायचं, हे नियम जरूर घाला, पण 'मला काळजी वाटते' असं म्हणून, स्वतःच्या नावानं.