डॉक्टरांच्या गोळ्यांची लत लागेल का?

यवतमाळकडच्या गावांत समुपदेशन करताना एक प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की समोरचा बोलायच्या आधीच तो ओळखू येतो. "ताई, ह्या गोळ्यायची सवय त नाही लागन?" उदासीवर गोळ्या सुरू झाल्या की घरचेच त्या बंद करतात. असंच एक जोडपं आलं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

भाऊ चाळिशीतले, कापूस-तुरीची शेती. झोप नाही, जेवण नाही, कोणाशी बोलणं नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्रॅम हे उदासीवरचं औषध दिलं, ते बायकोने दहा-बारा दिवसांत थांबवलं. "फरक त काहीच नव्हता. अन् शेजारीण म्हने, एकदा लागल्या त जन्मभर खा लागतीन."

फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, हे मी सांगितलं. पण नुसत्या माहितीने भीती जात नाही. माणसाला त्याचं उत्तर त्याच्याच घरात सापडावं लागतं, यावर माझा विश्वास आहे. म्हणून म्हटलं, पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या.

पिशवी टेबलावर रिकामी झाली. पॅरासिटामॉल, ॲसिडिटीच्या गोळ्या आणि अल्प्राझोलमची अर्धी पट्टी. "हे झोपीची. मेडिकलवाला ओळखीचा हाय, देते." भाऊंच्या खिशातून खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पन्नीही निघाली.

"यातलं काय नसलं तर जीव कासावीस होतो?"

"खर्रा," बायको आधी बोलली.

भाऊ पट्टीकडे पाहत राहिले. "हे बी. आधी अर्धी पुरे, आता दोन लागते."

"आणि डॉक्टरांची?"

"तिची त आठवन बी नाही आली."

मी मुद्दाम गप्प राहिले. बायकोच म्हणाली, "म्हंजे आमी उलट्याच गोळीले भेलो."

व्याख्यान देऊन हे वाक्य निघालं नसतं. जे मागायला जीव धावतो आणि ज्याची मात्रा आपोआप वाढत जाते, ती लत. एस्सिटालोप्रॅमसाठी असा जीव धावत नाही. मात्र काही महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते, आणि लोक त्यालाच लत समजतात. म्हणून डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त काळ ती चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटतो.

अल्प्राझोलमची गोष्ट वेगळी. चिठ्ठीशिवाय ते विकायला कायद्याने मनाई आहे, दुकानदाराला विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. ओळखीपाळखीत हे सगळे विसरतात. दारूसोबत घेतलं तर श्वास मंदावतो. पण हे वाचून कोणी ते आजच फेकून देऊ नका. रोजच्या सवयीनंतर एकदम बंद केलं तर फिटसारखे झटके येऊ शकतात. भाऊंची मात्रा डॉक्टरांनी काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी केली, एस्सिटालोप्रॅम पुन्हा सुरू झालं. वेचणीच्या वेळी ते शेतात जायला लागले होते.

खर्रा अजून सुटलेला नाही. त्यातली तंबाखू तर आहेच, नुसती सुपारीही लत लावते आणि कर्करोगाला कारण ठरते. ते काम चालू आहे.

गोळी सुरू होतानाच डॉक्टरांना विचारा : किती दिवस घ्यायची, फरक कधी दिसेल, बंद कशी करायची? आणि घरात कोणी उदास असेल तर फवारणीचे डबे कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही लागतो.