खांद्याला सोसेल तेवढंच काडतूस

प्रश्न : सुभेदारसाहेब, माझा मुलगा नोकरीनिमित्त कोलोरॅडोत, डेन्व्हरला असतो. यंदा ऑक्टोबरात ऑफिसातले मित्र त्याला एल्कच्या शिकारीला नेणार आहेत. परवाना काढून, सगळं रीतसर. रायफल कोणत्या काडतुसाची घ्यायची, तर एक मित्र म्हणतो .३०० विनचेस्टर मॅग्नमच घे, दुसरा म्हणतो ६.५ क्रीडमूर पुरे. आमच्याकडे वडिलांच्या वेळची बारा बोअरची दुनळी आहे, शेतीरक्षणाच्या परवान्यावरची. पण ती निवडणुकीला ठाण्यावर जमा करण्यापुरतीच बाहेर निघते. पोराला काय सांगू?
– एक बागायतदार, साखळी

उत्तर : बागायतदारबाब, आधी जनावर कोणतं ते बघू. युरोपात ज्याला एल्क म्हणतात तो अमेरिकेतला मूस. तुमचा मुलगा जाणार तो वापिटीच्या मागे, म्हणजे आपल्या मेरूच्या कुळातल्या जनावराच्या. (घाटावरच्या वाचकांसाठी : मेरू म्हणजे सांबर.) वाढलेला नर ३०० किलोंच्या वर सहज भरतो. शिवाय चिवट. छातीत गोळी बसली तरी कधी कधी दरी उतरून जातो, आणि मग त्याचं मांस खांद्यावरून वर आणायचं असतं.

कोलोरॅडोचा कायदा किमान काय मागतो? .२४ इंचाचं बोअर (नळीच्या भोकाची रुंदी), एल्कसाठी कमीत कमी ८५ ग्रेनची, आत शिरल्यावर फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंडांची ताकद. जाणते शिकारी याच्या पुढे जाऊन, गोळी जनावराला लागते त्या अंतरावर १,५०० फूट-पौंड धरतात. ग्रेन म्हणजे किती, हे आमच्या युनिटमधल्या पोरांना मी सोनाराच्या भाषेत सांगायचो. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. .३०-०६ ची नेहमीची गोळी एक तोळ्याची. क्रीडमूरची १४३ ग्रेनची, पाऊण तोळ्याहून जराशी जास्त.

माझं मत विचाराल तर .३०-०६, म्हणजे थर्टी-ऑट-सिक्स. १९०६ साली अमेरिकन फौजेने घेतलेलं काडतूस. आज १२० वर्षांनीही तिथे दुकानोदुकानी मिळतं. एक तोळ्याची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,७०० फुटांनी सुटते, म्हणजे तोंडाशी २,९०० फूट-पौंड. ३०० यार्डांपर्यंत एल्कला एवढं पुष्कळ. १९२५ ची .२७० विनचेस्टर, १९६२ ची ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम, याही चांगल्या, त्यात वाद नाही. २००७ ची क्रीडमूर मुळात निशाण्याच्या स्पर्धेसाठी निघाली. हाताला मऊ, नेम सुंदर. पण नवख्याने ती घेऊन २०० यार्डांच्या पुढे जाऊ नये.

राहिली १९६३ ची .३०० मॅग्नम. ताकद ३,५०० फूट-पौंडांच्या घरात. पण ताकद वाढते तसा मागचा धक्काही वाढतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरात रानडुकरं यायची. आजोबा मांगरात ठासणीची केपाची बंदूक घेऊन बसायचे. तेरा वर्षांचा असताना त्यांचा डोळा लागलेला बघून मीच दारू ठासली, आणि हौसेने दुप्पट. बार उडाला, डुक्कर गेलं, मी पोफळीच्या बुंध्याशी जाऊन पडलो. खांदा आठवडाभर जांभळा होता. तो बरा झाला, पण पुढे फौजेत भरती झाल्यावरही चाप ओढायच्या क्षणी माझे डोळे आपोआप मिटायचे. ते सोडवायला उस्तादांनी माझ्या मॅगझिनमध्ये मला न सांगता मधूनच डमी काडतूस सरकवायला सुरुवात केली. बार होत नाही, नुसतं ‘खट्’ होतं, आणि नळी किती खाली झुकली ते सगळी रांग बघते. लाज फार वाटते, पण औषध तेवढंच.

मुलाला म्हणावं, आधी मित्राची मॅग्नम रेंजवर मागून घे आणि हाच प्रयोग कर. नळी झुकली की मॅग्नम बाद. पोटात बसलेली मोठ्या काडतुसाची गोळी छातीत बसलेल्या छोट्या गोळीपेक्षा वाईट. नेम पुढच्या पायाच्या मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात.

दुकानदार काडतुसाचं नाव सांगत बसेल. मुलाने विचारावं ते गोळीच्या बनावटीबद्दल. १९४६ साली जॉन नोस्लर कॅनडात मूसच्या शिकारीला गेले होते. हाताशी जोरदार .३०० मॅग्नम (वरची विनचेस्टर नव्हे, तिच्या आधीची हॉलंड अँड हॉलंडची), पण मूसच्या खांद्यावर वाळलेला चिखल, आणि गोळ्या आत न शिरता वरच फुटून गेल्या. घरी येऊन त्यांनी मधे तांब्याची भिंत असलेली गोळी घडवली : पुढचं शिसं फुलतं, मागचं आत शिरत राहतं. तीच पार्टिशन गोळी, १९४८ पासून विक्रीला. तशी, किंवा सबंध तांब्याची, एल्कला योग्य. पातळ कवचाची हरणाची गोळी नको.

काडतुसं एकाच जातीची ६० तरी घ्यावीत. त्यांतली ४० रेंजवर संपवायची, गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून. तिथलं रान ८ ते ११ हजार फुटांवर. आपला सोंसोगड, गोव्यातलं सर्वांत उंच शिखर, चार हजारही भरत नाही. धाप लागलेल्या माणसाचा नेम टेबलावरच्या नेमासारखा नसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तिथे शिकारीचं शिक्षण पुरं केल्याचा दाखला लागतो. मुलगा ग्रीन कार्डाविना, नुसत्या व्हिसावर असेल, तर बंदूक हातात घेण्याआधी शिकारीचा परवाना खिशात हवा. आणि गणपतीला नाहीतर नाताळात घरी येताना एकही जिवंत काडतूस चुकूनसुद्धा बॅगेत राहू देऊ नये. बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटकायचे. मोपा विमानतळाच्या तपासणीत ते सापडलं तर त्याला पोलीस ठाण्यातून सोडवायला साखळीहून तुम्हालाच धावावं लागेल.