ट्रॅक्टरची बॅटरी दीड वर्षात बसली. ॲसिड टाकून परत चालू होईल का? नवीन घ्यायची तर कोणत्या कंपनीची?

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. दीड वर्षात बॅटरी बसते तेव्हा बहुतेक वेळा दोष ट्रॅक्टरमध्येच असतो. तो न शोधता नवी बसवलीत तर तीही त्याच वाटेने जाईल, मग ती कुणाचीही असो. आणि ॲसिड टाकू नका.

माझं साखर कारखान्याच्या रस्त्याला वायरिंगचं दुकान आहे. तुमच्या प्रश्नातलं ॲसिड वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच गोष्टीवरून माझं आणि सख्ख्या मामांचं वाजलेलं आहे.

मामांचा ट्रॅक्टर उसावर असतो, मागे दोन ट्रॉल्या. दिवाळीच्या सुमारास त्यांनी नवी बॅटरी घातली. शिमग्याच्या आतच सकाळी चावी फिरवली की सेल्फ नुसता 'कट' करून गप्प. तालुक्यातल्या बॅटरीवाल्याने झाकणं उघडली, पातळी खाली गेलेली पाहिली आणि ॲसिड भरून दिलं. दोन-चार दिवस सेल्फ झकास फिरला. मामा म्हणाले, "बघ, ॲसिडनं ताकद आली." मग पुन्हा तेच रडगाणं, पुन्हा ॲसिड. शेवटी ट्रॅक्टर माझ्याकडे आला तेव्हा बॅटरीच्या बाजू फुगलेल्या होत्या आणि बॉनेट उघडलं की डोळे चुरचुरत होते.

मी हायड्रोमीटर लावला. ग्रॅव्हिटी, म्हणजे आतलं ॲसिड किती कडक आहे त्याचं माप, १.३२०. आपल्याकडच्या उष्ण हवेत फुल चार्ज बॅटरीची ग्रॅव्हिटी १.२४० ते १.२८० च्या दरम्यान असते. बॅटरीवाला हाच आकडा दाखवून मामांना सांगत होता की बॅटरी फुल आहे. फुल कसली? वरून ॲसिड ओतल्यावर आकडा चढणारच. सेल्फ मारताना व्होल्टमीटर धरला तर व्होल्टेज आठच्या खाली कोसळत होतं. बऱ्या बॅटरीचं त्या वेळी साडेनऊ-दहाच्या खाली जात नाही.

मग इंजिन चालू करून रेस दिली आणि बॅटरीच्या टर्मिनलवरच मीटर धरला. १५.६ व्होल्ट. तिथे १३.८ ते १४.४ पाहिजे. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचा कटआउट, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, गेला होता आणि बॅटरी दिवसभर उकळत होती. जास्तीच्या करंटने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जातं. ॲसिड उडत नाही, ते आतच राहतं. आमटी आटली तर आपण तिच्यात पाणी घालतो, मीठ घालत नाही. इथे तर दरवेळी मीठ घातलं जात होतं, आणि त्या कडक ॲसिडने प्लेटा आणि त्यांच्यामधले पडदे खाऊन टाकले.

मी कटआउट बदलला, मामांनी दुसऱ्या कंपनीची महागडी बॅटरी आणली, आणि ती आजही चालते आहे. पण श्रेय कुणाला? कंपनीला! कुणाच्याही लग्नात चार ट्रॅक्टरवाले जमले की मामा सांगतात, "पहिली कंपनी चोर, ही एक नंबर." मामांबद्दल मला आदर आहे, पण हे चूक आहे. जुना कटआउट ठेवला असता तर ही एक नंबरवालीही पुढच्या शिमग्याला भंगारात असती. लोक हे ऐकून कंपनी बदलत राहतात, पैसे घालतात आणि डायनामो कुणी तपासत नाही.

म्हणून तुम्ही आधी असाच इंजिन चालू ठेवून मीटर लावा. १४.४ च्या बरंच वर गेलं तर कटआउट बघा. १३ च्या आसपास घुटमळलं तर बेल्ट ढिला आहे का, डायनामो भरतोय का ते बघा. दोन्ही ठीक असेल तर सेल्फ मारताना बॅटरीची मायनस आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात मीटर धरा. अर्ध्या व्होल्टाच्या वर दाखवलं तर अर्थची पट्टी गंजली आहे किंवा ढिली आहे. अशा पट्टीपायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

दुसरं कारण डेक. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागेपर्यंत रात्रभर इंजिन बंद आणि गाणी, लायटिंग चालू. ट्रॅक्टरची बॅटरी क्षणभर जोराचा करंट द्यायला केलेली असते, हळूहळू तळापर्यंत उपसायला नाही. गाणी हवीच असतील तर त्यांना वेगळी बॅटरी ठेवा. आणि हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहणार असेल तर मायनसची लग (वायरीचं टोक) काढा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग चार्जर कितीही लावा.

पाणी डिस्टिलच घाला. आरओचं चालत नाही, त्यात क्षार राहतात. विहिरीच्या पाण्याचं तर नावच नको. प्लेटा बुडून वर सेंटिमीटरभर पुरे, आणि त्या पातळीपर्यंत भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, नाहीतर उतू जातं. क्लॅम्प घट्ट ठेवा. ढिली बॅटरी शेतात आदळून आदळून प्लेटांचा मसाला झडतो.

एक राहिलंच. बॅटरी कलंडून आतलं सांडलं असेल तरच ॲसिड भरायचं, तेही त्याच ग्रॅव्हिटीचं आणि जाणकाराकडून. तुमची मेंटेनन्स फ्री, झाकणं नसलेली असेल तर ती उचकटू नका. काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी. नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते, आणि चार्जिंगनंतर तिथे हायड्रोजन असतो. बिडी लांब. नवी घेताना जुनीएवढ्याच एएचची (साठवणक्षमतेची) घ्या, बनवल्याची तारीख बघा आणि दुकानात पडून राहिलेली घेऊ नका. तुमच्याकडे ट्रकही असेल तर त्यात २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. त्यातली एक गेली तरी दोन्ही बदला, आणि टेपसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका, ती अर्धवट चार्ज राहते आणि दुसरी उकळते. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. तिची किंमत बिलातून वजा होते, आणि बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ती इतर कचऱ्यात न टाकता बॅटऱ्या गोळा किंवा रिसायकल करणाऱ्यांकडेच द्यायची असते.