यीस्टचं मेम्ब्रेन पोटेन्शिअल टीपीपीने उणे १५५ मिलिव्होल्ट आलं, ते खरं धरायचं का?

यवतमाळकडच्या तालुक्याच्या कॉलेजात प्रोजेक्ट, बेकरीचं यीस्ट, हाताने बनवलेला टीपीपी इलेक्ट्रोड पीएच मीटरला जोडलेला, आणि उत्तर उणे १५५. पेशीच्या बाहेरच्या पडद्याचं मेम्ब्रेन पोटेन्शिअल, म्हणजे पडद्याच्या आत-बाहेरच्या व्होल्टेजमधला फरक, हेच मानायचं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. मी वर्धा जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. इलेक्ट्रोड जमला यातच निम्मं काम झालं बाप्पा, उरलेलं निम्मं हिशेबाचं आहे.

यीस्टची पेशी जेमतेम ५ मायक्रॉनची, वरून जाड भित्तिका. तिच्यात सुई खुपसून व्होल्टेज मोजणं महाकठीण. म्हणून टेट्राफिनाइलफॉस्फोनियम, म्हणजेच टीपीपी, हा धनभारित आयन वापरतात. त्याचा धनभार चार बेन्झीन कड्यांच्या आड दडलेला असल्याने तो स्निग्ध पडद्यातून आरपार जातो आणि ऋण बाजूला साठतो. २५ अंशांना आत दहापट साठला की ५९ मिलिव्होल्ट, शंभरपट साठला की ११८.

अडचण अशी की आत मायटोकॉन्ड्रिया आहेत, आणि त्या पेशीद्रवापेक्षाही ऋण. समजा बाहेरच्या पडद्याचं खरं पोटेन्शिअल उणे ८० आहे, मायटोकॉन्ड्रियाचं उणे १५०, आणि त्यांनी पेशीची ५ टक्के जागा व्यापलीय. १५० मिलिव्होल्टला साठा होतो सुमारे ३५० पट. त्याचे ५ टक्के म्हणजे साडेसतरा, उरलेल्या पेशीद्रवाचा एक, सरासरी अठरापट. तेवढ्याने उत्तर ७५ मिलिव्होल्टने फुगतं. ८० आणि ७५ मिळवा, तुमचा आकडा हजर! तुमच्या यीस्टमध्ये हेच घडलं असं म्हणत नाही, पण शंका घ्यायला एवढं पुरे.

सीसीसीपी (पोटेन्शिअल घालवणारं रसायन) टाकून तपासू नका, ते दोन्ही पडद्यांचं पोटेन्शिअल एकदमच पाडतं. त्यापेक्षा पेटिट, म्हणजे श्वसन बिघडलेलं उत्परिवर्तित यीस्ट, वापरा. कमी ग्लुकोजच्या प्लेटवर बारक्या वसाहती शोधा, ग्लिसरॉलवर वाढत नाहीत याची खात्री करा. त्यांची श्वसनसाखळी बंद असते. मायटोकॉन्ड्रियाचं पोटेन्शिअल पार शून्य होत नाही, पण बरंच उतरतं. सोबत उकळून मारलेल्या पेशींचं कंट्रोल हवंच, कारण टीपीपी नुसता चिकटूनही बसतो. तेवढा वजा करा.

बफर मेस-ट्रिसचं, डिस्टिल्ड पाण्यात. आपल्याकडचं बोअरचं पाणी भांडी विसळायलाही नको. त्यातलं कॅल्शियम पेशीच्या पृष्ठभागावरचा ऋणभार झाकतं आणि टीपीपी कमी शिरतो. टीपीपी मोजक्या मायक्रोमोलरमध्येच ठेवा, जास्त झाला तर तोच पोटेन्शिअल पाडतो.

आणि मे महिन्यात वॉटर बाथशिवाय मोजू नका. खोली ४२ अंशांवर गेली की ५९ चे साडेबासष्ट होतात. ते गणितात दुरुस्त करता येतं, पण यीस्टच त्या उन्हाळ्याने बेजार असतं.

रिपोर्टात एकटा आकडा लिहू नका. ग्लुकोज दिल्यावर किती वाढलं, पोटॅशियम क्लोराइड टाकल्यावर किती उतरलं, हे साध्या यीस्टचं आणि पेटिटचं शेजारी-शेजारी मांडा. व्हायवात परीक्षक बहुधा तिथूनच सुरू करतील.