जुन्या सिटीला नव्या सिटीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसतो का?

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडं २०११ ची होंडा सिटी ऑटोमॅटिक आहे, पेट्रोल. सध्या सकाळी डी मध्ये टाकली की आधी काहीच होत नाही, मग एकदम झटका देऊन पुढं जाते, आणि गरम झाल्यावर चढाला नुसता इंजिनचा आवाज वाढतो, गाडी सरकतच नाही. इथले मिस्तरी म्हणतात गिअरबॉक्स गेला, कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून २०१५ च्या सिटीचा आणून टाकू, इंजिन दोन्हीला दीड लिटरचंच आहे, बसून जाईल, वरून नवीन मॉडेलचा म्हणल्यावर ॲव्हरेज पण वाढेल. टाकू का? (एक वाचक, जालना)

उत्तर : नका टाकू दादा, आणि ॲडव्हान्स दिला नसेल तर अजिबात देऊ नका.

नाव सिटीच असलं तरी आतला माल वेगळा आहे. तुमच्या गाडीत, म्हणजे २००८ ते २०१३ च्या सिटीत, ५ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक आहे (टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सला देणारा भाग), त्यात खरे गिअर आणि प्रत्येक गिअरचे क्लच आहेत. २०१४ पासून आलेल्या सिटीत सीव्हीटी आहे, तिथं गिअरच नाहीत, दोन पुली आणि मधे एक स्टीलचा पट्टा. गंमत म्हणजे त्याच्याही आधीच्या सिटी झेडएक्सला पण सीव्हीटीच होता, पण त्यात टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, गाडी उचलायला वेगळा स्टार्ट क्लच होता, म्हणून तोसुद्धा नव्या सीव्हीटीच्या जागी चालत नाही. म्हणजे एकाच नावाच्या तीन गाड्या आणि तिन्हीचे गिअरबॉक्स वेगळे.

बरं, मिस्तरी म्हणतात तसं ब्रॅकेट बनवून, माउंटिंग हलवून, एक्सल बदलून कसंबसं बसवलं समजा, तरी तो चालवणार कोण? ऑटोमॅटिकमधे कधी किती प्रेशर सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो इंजिनच्या कॉम्प्युटरशी सतत बोलत असतो. तुमच्या २०११ च्या कॉम्प्युटरला पाच गिअरच्या सोलेनॉइडची, म्हणजे तेलाचं प्रेशर सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची, भाषा येते, पुलीची येत नाही. प्लगच्या पिना वेगळ्या, स्पीड सेन्सर वेगळे, लिव्हर पी-आर-एन-डी पैकी कुठं आहे ते सांगणारा स्विच वेगळा. मग मिस्तरी म्हणणार की २०१५ चा कॉम्प्युटर पण आणा, तो आणला की चावी ओळखणारा इमोबिलायझर गाडी चालू होऊ देत नाही, मग मीटर, मग वायरिंग, आणि गाडी सहा महिने गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. तेलाचंही तेच, तुमच्या बॉक्सला एटीएफ डीडब्ल्यू-१ लागतं आणि नव्या सीव्हीटीला एचसीएफ-२, एकाचं दुसऱ्यात टाकलं तर चांगला बॉक्स पण खराब होतो.

आधी गिअरबॉक्स खरंच गेलाय का ते बघा. इंजिन चांगलं गरम करून बंद करा, मिनिट-दीड मिनिटात डिपस्टिक काढा आणि तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर असेल तर ठीक, लेव्हल कमी असेल तर गळती शोधा, कारण उशिरा गिअर पडणं हे तेल कमी असल्यानं पण होतं. काळं आणि जळका वास असेल तर क्लच जळालेत. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी दिसलं तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून पाणी तेलात गेलंय, मग गाडी अजिबात चालू करू नका. त्यानंतर स्कॅनर लावून बिघाडाचे कोड काढायला सांगा, कधीकधी नुसता प्रेशर स्विच किंवा सोलेनॉइड निघतो.

आता आपल्या मराठवाड्यातली गोष्ट, ही मला कळकळीनं सांगायचीय. मे महिन्यात इकडं ४२-४३ डिग्री तापतं, आणि आपण रेडिएटरमधे काय टाकतो? बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. त्याचा क्षार आत बसतो, रेडिएटर चोंदतो, आणि बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांचं गिअरचं तेल त्याच रेडिएटरच्या टाकीत थंड होत असतं. इंजिनच्या तापमानाचा काटा मधेच दिसतो म्हणून माणूस निवांत असतो, आणि तिकडं तेल रोज थोडं थोडं जळत असतं. बॉक्स का गेला हे न शोधता दुसरा टाकला तर तो पण त्याच वाटेनं जाणार. बोअरचं पाणी बंद, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच टाका.

बदलायचाच ठरला तर तुमच्याच पिढीचा, २००८ ते २०१३ मधला शोधा, आणि वर्षावर जाऊ नका, केसिंगवर पंच केलेला कोड तुमच्या जुन्या बॉक्सशी जुळवा. बसवताना कूलर आणि पाइप धुऊन घ्यायला लावा, नाहीतर जुन्या क्लचचा चुरा नव्यात जातो. आणि एक गोष्ट समोर उभं राहून बघा : टॉर्क कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सवर पूर्ण बसला पाहिजे, तो फिरवत फिरवत आत ढकलताना टप्प्याटप्प्यानं खट-खट असा आत जातो. नंतर बॉक्स इंजिनला टेकला की बोल्ट आवळायच्या आधी कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल आणि मिस्तरी बोल्टनं ओढून बसवायला लागले तर थांबवा, कारण आतला तेलाचा पंप तिथंच फुटतो आणि सगळा खर्च पाण्यात.

गाडी टो करायची वेळ आली तर पुढची चाकं उचलूनच न्या, इंजिन बंद असल्यावर पंप फिरत नाही आणि आत तेल पोचत नाही.

प्रश्न : स्कोडा लॉरा २.० डिझेल डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आहे, ६ स्पीड. नंतरच्या स्कोडाचा ७ स्पीड डीएसजी मिळतोय स्वस्तात, गाडी आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्याच कंपनीची असल्यानं चालेल असं वाटतं. (एक वाचक, परभणी)

उत्तर : कंपनी एक असली म्हणून बॉक्स एक होत नाही. तुमचा ६ स्पीड हा तेलात बुडालेल्या क्लचचा, साधारण ३५० न्यूटन मीटर ताकद झेलणारा. स्वस्तात मिळतोय तो बहुतेक कोरड्या क्लचचा ७ स्पीड असणार, त्याची मर्यादा २५०. तुमचं कॉमन रेल इंजिनच ३२० देतं! पहिल्या जोरदार ओव्हरटेकला क्लच रडायला लागणार. मेकॅट्रॉनिकचा, म्हणजे गिअर-क्लच चालवणाऱ्या युनिटचा, कॉम्प्युटर तुमच्या गाडीला जुळवायचं लफडं वेगळंच. त्यापेक्षा आहे त्याचंच मेकॅट्रॉनिक आणि क्लच डीएसजीचं काम जाणणाऱ्याकडून तपासून घ्या, आणि तेल-फिल्टर कधी बदललंय ते विचारा, ६ स्पीडला दर ६० हजार किलोमीटरला ते लागतं.

प्रश्न : वडलांचा गुडघा दुखतो, २०१६ ची सेलेरिओ मॅन्युअल आहे. एएमटी बसवता येईल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : एएमटी म्हणजे मूळचा मॅन्युअल बॉक्सच, वरून क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा, त्यामुळं कागदावर हे सगळ्यात सोपं दिसतं. पण ती यंत्रणा, कॉम्प्युटर, वायरिंग, लिव्हर, पेडल सगळं जमवून चालवणारा माणूस सापडणं अवघड. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही, आरटीओला विचारल्याशिवाय आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवल्याशिवाय हात लावू नका. ही गाडी विका आणि वर थोडे पैसे घालून सेकंडहँड सेलेरिओ एएमटी घ्या, २०१४ पासूनच्या बाजारात आहेत. घ्यायच्या आधी वडलांनाच चालवायला बसवा, घाटात आणि ट्रॅफिकमधे दोन्हीकडं, एएमटी गिअर बदलताना जरा अडखळते, ते त्यांना चालतंय का ते बघा.