चांदीच्या मर्यादेत भाजलेले सिरॅमिक

प्रश्न : मोबाइलमधील फिल्टरसारख्या घटकांचे सिरॅमिक ९०० अंश सेल्सिअसच्या आतच भाजावे लागते, असे वाचले. ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सिरॅमिक) तर सुमारे १६०० अंशांना भाजतात. मग हे बंधन कशासाठी, आणि ते पाळतात कसे?

उत्तर : बंधन सिरॅमिकचे नसून धातूचे आहे. या घटकांत सिरॅमिकच्या पातळ कच्च्या पट्ट्यांवर चांदीच्या रेषा छापून, त्या एकावर एक रचून, सगळे एकाच भट्टीत भाजतात, चांदी ९६१.८ अंशांना वितळते, म्हणून सिंटरिंग, अर्थात भुकटीचे कण न वितळवता एकजीव करणे, त्याआधीच पूर्ण व्हावे लागते. टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम वापरले तर ही अडचण उरत नाही, परंतु त्यांचा विद्युतरोध चांदीच्या तिपटीहून अधिक असल्याने उच्च वारंवारतेला ऊर्जा वाया जाते.

रूढ उपाय म्हणजे बोरॉनयुक्त काच किंवा ८१७ अंशांना वितळणारे बिस्मथ ऑक्साइड मिसळणे. त्यांचा द्रव कणांना भिजवतो, केशाकर्षणाने जवळ ओढतो आणि त्यातून अणूंचे वहन जलद होते. मात्र काचेमुळे डायइलेक्ट्रिक व्यय, म्हणजे विद्युतक्षेत्र बदलताना पदार्थात उष्णतारूपाने वाया जाणारी ऊर्जा, वाढतो. फिल्टरसाठी हा तोटा मोठाच, म्हणून तिचे प्रमाण जेमतेम ठेवणे इष्ट. काच टाळायची असेल तर मुळातच कमी तापमानाला भाजणारी संयुगे घेतात. लिथियम मॉलिब्डेट सुमारे ५४० अंशांना घट्ट होते, पण ते पाण्यात विरघळते (दमट हवेत ही खोडच). अमेरिकेतील पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठात २०१६ च्या सुमारास पुढे आलेल्या शीत सिंटरिंगने हाच गुण कामी लावला : थोडे पाणी, जबर दाब आणि ३०० अंशांखालील उष्णता.